आयटेन्सर: कोंडो साखळीतील चुंबकीय क्रमाच्या कसोटीवर

एकमितीय साखळीवर फिरणारे इलेक्ट्रॉन आणि त्याच साखळीत जागोजागी खिळलेले स्पिन (कणांचे अंगभूत सूक्ष्म चुंबक) यांच्या परस्परक्रियेचा अभ्यास ज्यांना संगणकावर करायचा आहे, त्यांच्यापुढे आज बहुधा आयटेन्सरचे नाव सर्वांत आधी येते. ही ज्युलिया भाषेतील मुक्तस्रोत लायब्ररी असून ती विनामूल्य मिळते. तिची सर्वसाधारण स्तुती पुष्कळ झाली आहे आणि ती बहुतांशी रास्तही आहे. म्हणून येथे सर्वांगीण आढावा घेण्याचा विचार नाही. एकमितीय कोंडो जालकात, म्हणजे वर सांगितलेल्या साखळीच्या प्रारूपात, चुंबकीय क्रम (स्पिनांची दूरवर टिकणारी ठरावीक दिशारचना) आहे की नाही, आणि असल्यास कोणता, या एकाच प्रश्नाचे विश्वासार्ह उत्तर मिळवण्यासाठी ती कितपत उपयोगी पडते, एवढेच तपासले आहे. मत आधीच नोंदवतो: किमान ऊर्जा काढण्यासाठी हे साधन उत्कृष्ट आहे, परंतु चुंबकत्वाचा निवाडा ऊर्जेच्या एका आकड्यावर होत नाही, आणि तो निवाडा करण्याचे काम ही लायब्ररी जवळजवळ पूर्णपणे वापरणाऱ्यावर सोडते.

प्रारूप कागदावर लिहायला अगदी सोपे आहे. त्यात दोनच पदे असतात. पहिल्या पदामुळे वाहक इलेक्ट्रॉन शेजारच्या जागेवर उडी मारतो, आणि दुसऱ्या पदामुळे प्रत्येक जागेवरचा स्थानिक स्पिन त्या जागी आलेल्या इलेक्ट्रॉनच्या स्पिनशी जोडला जातो. हे युग्मन प्रति-लोहचुंबकीय, म्हणजे दोन स्पिनांना विरुद्ध दिशांना वळवणारे, असेल, तर दोन प्रवृत्तींमध्ये चढाओढ सुरू होते. एकीकडे इलेक्ट्रॉन स्थानिक स्पिनाशी एकक अवस्था, म्हणजे शून्य स्पिनाची जोडी, बांधू पाहतो. दुसरीकडे हेच फिरते इलेक्ट्रॉन दूरदूरच्या स्थानिक स्पिनांमध्ये अप्रत्यक्ष परस्परक्रिया निर्माण करतात, जिला रुडरमन, किट्टेल, कासुया आणि योसिदा यांच्या नावांवरून आरकेकेवाय म्हणतात. डोनियाक यांनी १९७७ मध्ये ही चढाओढ मांडली तेव्हा त्यांनी विचारासाठी घेतलेले सोपे प्रारूपही एकमितीयच होते. अप्रत्यक्ष परस्परक्रिया युग्मनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, तर जोडी बांधण्याची ऊर्जा दुर्बळ युग्मनात घातांकी रीतीने नगण्य होते. त्यामुळे युग्मन दुर्बळ असताना क्रम आणि प्रबळ असताना अचुंबकीय अवस्था, असे ढोबळ चित्र तयार होते.

एकमितीत मात्र हे चित्र जवळजवळ उलटे होते, आणि म्हणूनच कसोटी म्हणून हे प्रारूप निवडले आहे. दर जागेमागे नेमका एक इलेक्ट्रॉन असेल, तर प्रति-लोहचुंबकीय युग्मन कितीही असो, साखळी स्पिन-फट (स्पिन उत्तेजित करायला लागणारी किमान ऊर्जा) असलेला विद्युतरोधक बनते. इलेक्ट्रॉन त्याहून कमी केले आणि युग्मन प्रबळ ठेवले, तर साखळी लोहचुंबकीय होते. कारण मोठे सुंदर आहे. प्रत्येक इलेक्ट्रॉन एकेका स्थानिक स्पिनाला जोडीत अडकवतो आणि उरलेले स्पिन मोकळे राहतात; इलेक्ट्रॉन उडी मारतो तेव्हा मोकळा स्पिन विरुद्ध दिशेने सरकतो, पण एका ओळीत असल्यामुळे मोकळ्या स्पिनांचा आपसातील क्रम बदलत नाही. परिणामी, युग्मन अनंत मानले तर त्यांच्या सर्व दिशारचनांची ऊर्जा सारखीच येते. युग्मन मोठे पण सांत असले, की उडीच्या वर्गाला युग्मनाने भागून येणाऱ्या सूक्ष्म पदामुळे ही समानता मोडते आणि सर्व मोकळे स्पिन एका दिशेला वळतात. सिग्रिस्ट, त्सुनेत्सुगु, उएदा आणि राइस यांनी १९९२ मध्ये हे दाखवले. त्याआधी १९९१ मध्ये यांपैकी पहिल्या तिघांनी संपूर्ण साखळीत एकच वाहक इलेक्ट्रॉन असताना किमान ऊर्जेची अवस्था लोहचुंबकीय असते, हे गणिती काटेकोरपणे सिद्ध केले होते.

येथे वाचकाला एक शंका येणे स्वाभाविक आहे. लीब आणि मॅटिस यांच्या १९६२ च्या प्रमेयानुसार एका ओळीत फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांना, त्यांच्यातील प्रतिकर्षण स्पिनावर अवलंबून नसेल तर, लोहचुंबकीय होता येत नाही. मग कोंडो साखळीला ते कसे जमते? उत्तर असे की, जागेला खिळलेले स्पिन या प्रमेयाच्या गृहीतकांत बसत नाहीत. मर्मिन आणि वॅग्नर यांचे १९६६ चे प्रमेय मात्र लागू राहते: शून्याहून अधिक तापमानाला एकमितीत सलग सममिती (सर्व स्पिन कोणत्याही कोनातून एकत्र फिरवले तरी ऊर्जा तीच राहणे) मोडणारा दीर्घपल्ल्याचा क्रम नाही. शून्य तापमानाला लोहचुंबकत्व शक्य होते, कारण एकूण स्पिन ही राशी ऊर्जेबरोबरच अक्षय्य राहते. प्रति-लोहचुंबकीय क्रमाला ही सवलत नाही. तो साखळीत फार तर घाताच्या नियमाने विरत जाणारा सहसंबंध म्हणून दिसतो. संगणकाने दिलेले उत्तर तपासताना हे दोन्ही निर्बंध जवळ ठेवावे लागतात, कारण लायब्ररी त्यांची आठवण करून देत नाही.

आता साधनाकडे वळू. आयटेन्सरच्या मुळाशी डीएमआरजी (डेन्सिटी मॅट्रिक्स रिनॉर्मलायझेशन ग्रुप) ही पद्धत आहे, जी स्टीव्हन व्हाइट यांनी १९९२ मध्ये मांडली. आणि लायब्ररीच्या २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मुख्य लेखाचे लेखक मॅथ्यू फिशमन, स्वतः व्हाइट आणि माइल्स स्टाउडेनमायर हे आहेत. न्यूयॉर्कमधील फ्लॅटआयर्न इन्स्टिट्यूटचा तिला आधार आहे. आधी ती सी प्लस प्लसमध्ये होती, नंतर ज्युलियात आली, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याने ज्युलिया आवृत्तीच घ्यावी. साखळीचे तरंगफल अनेक लहान टेन्सरांच्या (अनेक निर्देशांक असलेल्या संख्यांच्या सारण्यांच्या) गुणाकाराच्या रूपात ठेवायचे आणि साखळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेऱ्या मारत एकेका शेजारजोडीची ऊर्जा कमी करत जायचे, हा या पद्धतीचा गाभा आहे. आयटेन्सरचे वैशिष्ट्य असे की टेन्सरचा प्रत्येक निर्देशांक स्वतःची ओळख बाळगतो; दोन टेन्सर गुणले की समान निर्देशांक आपोआप जुळतात. कोणता निर्देशांक कितव्या स्थानी आहे हे लक्षात ठेवण्याच्या कटकटीतून सुटका होते, आणि ज्यांनी ही गणिते हाताने लिहिली आहेत त्यांनाच या सोयीची खरी किंमत कळेल.

प्रारूप लिहिण्याची पद्धत तितकीच सुखद आहे. ऑपसम नावाच्या रचनेत ऊर्जेची पदे जवळजवळ कागदावर लिहितो तशी एकामागून एक जोडायची, आणि त्यांवरून लायब्ररी स्वतःच संपूर्ण ऊर्जाकारक तयार करते. कोंडो साखळीसाठी दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात विषम जागांवर इलेक्ट्रॉन आणि सम जागांवर अर्धा स्पिन ठेवून साखळी दुप्पट लांब करायची. इलेक्ट्रॉनची उडी मग एक जागा सोडून होते. दुसऱ्या मार्गात इलेक्ट्रॉनच्या चार आणि स्पिनाच्या दोन अवस्था गुणून आठ अवस्थांची एक नवी जागा स्वतः परिभाषित करायची. पहिला मार्ग तयार जागाप्रकारांवर चालतो आणि शिकताना तोच बरा. दुसऱ्यात इलेक्ट्रॉन व त्याचा स्थानिक स्पिन एकाच टेन्सरमध्ये येत असल्याने प्रत्येक स्थानिक पायरीत कोंडो युग्मन अचूक हाताळले जाते. मात्र अशा जागेसाठी इलेक्ट्रॉनांच्या चिन्हांची साखळी वाहून नेणारा कारक आपणच द्यावा लागतो, आणि तो चुकला तरी कार्यक्रम न कुरकुरता चालू राहतो.

या चिन्हांची परीक्षा कशी करावी, तर ज्यांची उत्तरे आधीच ठाऊक आहेत असे प्रश्न विचारून. कोंडो साखळीच्या आधी एकमितीय हबार्ड प्रारूप (उडी मारणारे आणि एकाच जागी आल्यास एकमेकांना ढकलणारे इलेक्ट्रॉन) चालवावे, ज्याचे अचूक उत्तर लीब आणि वू यांनी १९६८ मध्ये काढले. दर जागेमागे एक इलेक्ट्रॉन आणि प्रतिकर्षण उडीच्या चौपट असता अनंत साखळीची प्रतिजागा ऊर्जा उडीच्या एककात उणे ०.५७३७ येते. नुसत्या स्पिनांसाठी अर्ध्या स्पिनाची हायझेनबर्ग साखळी (जिच्यात शेजारचे स्पिन थेट एकमेकांशी जोडलेले असतात) युग्मनाच्या एककात प्रतिजागा उणे ०.४४३१ देते, आणि एक स्पिनाची साखळी उणे १.४०१५. कोंडो साखळीतच उडी शून्य केली आणि दर जागी एक इलेक्ट्रॉन ठेवला, तर प्रतिजागा ऊर्जा युग्मनाच्या उणे तीन चतुर्थांश यायला हवी. पण एका जागेवरच्या या परीक्षेत इलेक्ट्रॉनांची चिन्हे पणाला लागतच नाहीत, हे विसरू नये. तिच्यात खरे उतरल्याने दुसरी चूक झाकली जाते. म्हणून सर्वांत उपयुक्त कसोटी १९९१ च्या प्रमेयाची आणि तिच्या जोडीला हबार्डची. एका इलेक्ट्रॉनच्या कोंडो साखळीत एकूण स्पिन जागांच्या संख्येतून एक वजा करून त्याच्या निम्मा आला नाही, तर युग्मनाचे चिन्ह किंवा गुणक कुठेतरी फसला आहे.

लायब्ररीत सममिती राखण्याची सोय आहे: इलेक्ट्रॉनांची संख्या आणि एकूण स्पिनाचा उभा घटक टिकवून ठेवण्याचा पर्याय निवडला, की सर्व टेन्सर लहान लहान ठोकळ्यांत विभागले जातात आणि गणित पुष्कळ वेगवान होते. कोणत्या विभागात शोध घ्यायचा हे सुरुवातीच्या अवस्थेवरून ठरते. सगळे इलेक्ट्रॉन साखळीच्या एका टोकाला कोंबून सुरुवात केली तर ते पसरायला बऱ्याच फेऱ्या जातात, आणि इलेक्ट्रॉन-स्पिन एकाआड एक ठेवलेल्या साखळीत शोध मध्येच एखाद्या खोट्या किमानावर अडकण्याचा धोका अधिक असतो. यावर नॉइज नावाचा मापदंड आहे. सुरुवातीच्या फेऱ्यांत तो थोडा ठेवून पुढे शून्यावर आणावा, आणि मॅक्सडिम हा टेन्सरांच्या आकाराची मर्यादा ठरवणारा मापदंड फेरीगणिक वाढवत न्यावा. प्रत्येक फेरीनंतर ऊर्जा, वापरलेला सर्वांत मोठा आकार आणि कापून टाकलेला अंश छापला जातो. हा छोटासा अहवाल लायब्ररीतील सर्वांत मौल्यवान भाग आहे, आणि नवखे लोक नेमके त्यातील ऊर्जेचे रकानेच वाचतात.

असे केल्यास काय घडते? दर जागेमागे एक इलेक्ट्रॉन आणि दुर्बळ युग्मन असलेली साखळी घ्या. तिची किमान अवस्था एकमेव आणि एकूण शून्य स्पिनाची आहे. तेव्हा प्रत्येक जागेवरील स्पिनाचे सरासरी मूल्य शून्यच असले पाहिजे. आयटेन्सरमध्ये मात्र केवळ उभ्या घटकाची बेरीज शून्य ठेवलेली असते. मॅक्सडिम कमी असेल तर वर-खाली-वर-खाली असा नीटनेटका प्रति-लोहचुंबकीय नमुना समोर येतो, आलेख देखणा दिसतो, आणि ज्याला प्रति-लोहचुंबकीय क्रमावरचा वरील निर्बंध आठवत नाही तो आपल्याला क्रम सापडला असे समजतो. प्रत्यक्षात लहान टेन्सरांना सममिती मोडलेली अवस्था स्वस्त पडते, म्हणून गणित तिकडे घसरलेले असते. मॅक्सडिम वाढवत गेल्यास हा नमुना साखळीच्या मध्यातून मावळत जातो. दुर्बळ युग्मनात स्पिन-फट घातांकी रीतीने लहान असल्यामुळे त्यासाठी आकार फार वाढवावा लागतो, आणि साध्या लॅपटॉपवर तेथपर्यंत पोहोचणे अवघड आहे. हा दोष पद्धतीचा आहे, लायब्ररीचा नव्हे. पण स्थानिक स्पिनाचे मूल्य एका ओळीत काढून देणाऱ्या साधनात हा मोह किती सहज होतो, ते सांगितलेच पाहिजे.

लोहचुंबकीय बाजूला अडचण वेगळी आहे आणि तेथे आयटेन्सरची खरी उणीव उघडी पडते. तिच्या मुख्य आवृत्तीत स्पिनाची संपूर्ण परिभ्रमण सममिती, जिला एसयू-दोन म्हणतात, राखता येत नाही. संख्या आणि उभा घटक यांसारख्या परस्पर-क्रमनिरपेक्ष राशीच राखता येतात. समजा ४८ जागांच्या साखळीत २४ इलेक्ट्रॉन आहेत आणि युग्मन प्रबळ आहे. मोकळे स्पिन २४ उरतात, म्हणून एकूण स्पिन १२, आणि त्याच्या वर्गाचे मूल्य १२ गुणिले १३, म्हणजे १५६ यायला हवे. उभा घटक शून्य ठेवून शोध घेतला तर याच बहुअवस्थेतील (समान ऊर्जेच्या अवस्थांच्या गटातील) मधला सदस्य मिळतो, ज्यात एन्टँगलमेंट, म्हणजे साखळीच्या भागांमधील क्वांटम गुंतागुंत, सर्वाधिक असते. उभा घटक कमाल ठेवला तर तेच भौतिक चित्र कमी खर्चात मिळते. म्हणजे समान ऊर्जेच्या सदस्यांपैकी आपण सवयीने सर्वांत महागडा निवडतो. मॅक्सडिम अपुरा असेल तर त्याची ऊर्जा किंचित जास्त येते, स्पिनाचा वर्ग अपूर्णांकी येतो, आणि क्रमबदलाच्या सीमेजवळ ही किंचित तफावत निष्कर्षच उलटवू शकते.

यावर चांगला उपाय आहे, तो थोडा कष्टाचा आहे एवढेच. उभा घटक शून्य, मधली काही मूल्ये, अपेक्षित कमाल मूल्य आणि त्याच्यापुढचे एक मूल्य अशा विभागांत स्वतंत्रपणे ऊर्जा काढाव्यात. कमाल मूल्यापर्यंत ऊर्जा सारखी राहून त्यापुढे वर उडी घेत असेल, तर एकूण स्पिन तेवढाच आहे. जोडीला सर्व जागांच्या स्पिन-सहसंबंधांची सारणी काढून तिच्यावरून एकूण स्पिनाचा वर्ग मोजावा. त्यासाठी लायब्ररीत तयार फंक्शन आहे आणि ते उत्तम चालते. ऊर्जाकारकाच्या वर्गाची सरासरी आणि सरासरीचा वर्ग यांतील फरकही काढावा, कारण तो शून्याजवळ नसेल तर मिळालेली अवस्था ऊर्जेची खरी स्थिर अवस्था नाही, मग ऊर्जा कितीही स्थिरावलेली दिसो.

एवढ्या काळजीने काम केल्यावर किती पुढे जाता येते? लोहचुंबकीय प्रदेशाचा मुख्य भाग, म्हणजे प्रबळ युग्मन आणि मध्यम भरण (दर जागेमागे इलेक्ट्रॉनांचे प्रमाण), आयटेन्सरमध्ये व्यवस्थित उभा राहतो. अचुंबकीय प्रदेशात मोठ्या फर्मी पृष्ठाचा (भरलेल्या व रिकाम्या इलेक्ट्रॉन-अवस्थांमधील सीमेचा) प्रश्नही हाताळता येतो: शिबाता, उएदा, निशिनो आणि इशिई यांनी १९९६ मध्ये उघड्या टोकांमुळे इलेक्ट्रॉनांच्या घनतेत उठणाऱ्या फ्रिडेल दोलनांच्या तरंगलांबीवरून स्थानिक स्पिनही फर्मी पृष्ठात मोजले जातात, हे दाखवले होते, आणि उघड्या टोकांच्या साखळीवर हीच लायब्ररी सर्वांत सुखाने चालते. दर दोन जागांमागे एक इलेक्ट्रॉन असताना स्पिनांच्या जोड्या बांधल्या जातात का, हा झेवियर, पेरेरा, मिरांडा आणि ऍफ्लेक यांनी २००३ मध्ये पुढे आणलेला प्रश्न मात्र जपून घ्यावा. उघडे टोक स्वतःच शेजारच्या बंधांत एकाआड एक असमानता निर्माण करते. ती साखळीच्या मध्यापर्यंत टिकते की टोकाकडून हळूहळू विरते, हे वेगवेगळ्या लांबीच्या साखळ्या चालवल्याशिवाय कळत नाही. आणि दर जागेमागे अर्ध्याहून अधिक इलेक्ट्रॉन असताना अचुंबकीय प्रदेशाच्या आत दडलेला दुसरा लोहचुंबकीय कप्पा, जो मॅक्कलक, युओझापाविचियस, रोझेनग्रेन आणि गुलाची यांनी २००२ मध्ये मांडला, तो शोधण्यासाठी मी आयटेन्सर सुचवणार नाही. तो शोध एसयू-दोन राखणाऱ्या डीएमआरजीने लागला हा योगायोग नाही. तेथे स्पर्धक अवस्थांच्या ऊर्जा इतक्या जवळ असतात की एकूण स्पिन प्रारंभीच निश्चित करता येणे हाच निर्णायक फायदा ठरतो.

युग्मनाचे चिन्ह उलटे करून लोहचुंबकीय कोंडो साखळी चालवणेही उद्बोधक आहे, आणि त्यासाठी कार्यक्रमात एकच चिन्ह बदलावे लागते. दर जागेमागे एक इलेक्ट्रॉन असताना इलेक्ट्रॉन आणि स्थानिक स्पिन मिळून एक स्पिनाची साखळी तयार होते आणि हाल्डेन यांनी १९८३ मध्ये भाकीत केलेली फट दिसते. इलेक्ट्रॉन कमी केले की झेनर यांची १९५१ ची दुहेरी विनिमयाची कल्पना, म्हणजे फिरते इलेक्ट्रॉन स्थानिक स्पिनांना एका दिशेला वळवतात ही कल्पना, प्रत्यक्ष आकड्यांत पाहता येते. विद्यार्थ्यांसाठी याहून चांगला प्रयोग मला सुचत नाही.

दस्तऐवजीकरण स्वच्छ आहे, सोडवलेली उदाहरणे पुरेशी आहेत, आणि लेखक मंडळी वापरणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे देतात. मात्र २०२४ मध्ये साखळीसंबंधीचा भाग आयटेन्सर-एमपीएस या वेगळ्या पॅकेजमध्ये हलवला गेला, त्यामुळे त्याआधीचे जालावरचे कार्यक्रम जसेच्या तसे चालत नाहीत. पहिल्या ओळीत नवे पॅकेज जोडल्यास बहुतेक चालू लागतात. ज्युलियाचा पहिला आदेश संकलनामुळे संथ असतो, हे माहीत नसलेला माणूस लायब्ररीलाच संथ ठरवतो. ग्राफिक्स प्रोसेसरवर चालवण्याची सोय आहे, पण सममितीमुळे ठोकळे लहान झालेले असतील तर तिचा लाभ घटतो.

पर्यायांविषयी थोडक्यात. पायथनची सवय असलेल्यांना टेनपाय जवळचे वाटेल, पण परिभ्रमण सममितीच्या बाबतीत तेही याच मर्यादेत आहे. ब्लॉक-टू आणि ज्युलियातीलच एमपीएसकिट ही एसयू-दोन राखू शकतात. शिकायला ती अधिक कठीण आहेत आणि प्रारूप लिहिताना आयटेन्सरइतकी मोकळीक देत नाहीत. पदव्युत्तर प्रकल्पासाठी, स्वतःचे नवे प्रारूप पहिल्यांदा चाचपण्यासाठी आणि विद्युतभाराच्या वितरणाशी निगडित प्रश्नांसाठी आयटेन्सरच घ्यावे. कोंडो साखळीच्या प्रावस्था-आलेखात लोहचुंबकीय सीमारेषा छापण्याइतक्या अचूकतेने काढायची असेल, तर प्राथमिक बिंदू आयटेन्सरवर काढून सीमेलगतचे बिंदू ब्लॉक-टूसारख्या साधनावर पुन्हा तपासावेत. दोन्हींतील एकूण स्पिन जुळला, तरच तो बिंदू आलेखावर टाकावा.